कोंड्यावर घेतलेलं पोर

माझ्या मुलाच्या शाळेच्या रजिस्टरात त्याची आई मयत आहे. ती आई म्हणजे मी. कारकुनाची बायको असल्यामुळे एकदा शाईनं लिहिलेलं खोडायला किती दारं झिजवावी लागतात ते मला ठाऊक आहे, म्हणून मी ते कधी खोडायला गेले नाही. पण ते लिहिलं कसं गेलं ते आता सांगून टाकायला हरकत नाही. ज्यांना वाईट वाटलं असतं त्यातलं माझ्याखेरीज कोणी उरलेलं नाही, आणि मला वाईट वाटायची सवय आहे.

माझी आधीची तीन मुलं गेली. पहिलं अकरा दिवसांचं, दुसरं सव्वा महिन्याचं, आणि तिसरी मुलगी चांगली घरभर चालायला लागल्यावर घटसर्पानं. यांची नोकरी मामलेदार कचेरीतली. दर दोन-तीन वर्षांनी बदली, दरवेळी नवं गाव, आणि प्रत्येक गावाच्या वेशीबाहेर माझं एकेक ठेवून आम्ही बैलगाडीत बसत असू. चौथ्या वेळी दिवस राहिले तेव्हा आम्ही जामखेडला होतो. या वेळी मी डोहाळे लागले तरी कोणाला सांगितलं नाही. तोंडाला पदर लावून भाकऱ्या थापत राहायची.

शेजारी एक कुणब्याचं घर होतं. त्या घरातल्या बाईला मी आक्का म्हणायची. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, सात मुलांची आई, आणि सातही धडधाकट. तिच्या अंगणातून जाताना पोरं पायात यायची. मुलगा झाल्यावर तिसऱ्या दिवशी ती दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, ह्ये पोर मला इका. सटवाई यायच्या आत इका. ती तुमच्या दारी येईल, तिला गावनार न्हाई."

असं विकतात हे मी ऐकून होते. ज्या बाईची मुलं जगत नाहीत तिनं जन्मलेलं मूल भरल्या घरच्या बाईला कोंड्यावर विकायचं. पाचवीच्या रात्री सटवाई कपाळावर लिहायला येते, तेव्हा मूल दुसऱ्याचं झालेलं असतं. मग वाढवायचं आपणच, पण ते आपलं नाही. मी मराठी चौथी शिकलेली, वर्तमानपत्र वाचणारी. दुसऱ्या बायकांच्या नवसांना मी खुशाल हसत असे. त्या दिवशी हसले नाही. सुइणीनं बाळ सुपात घातलं, सूप उंबऱ्यावरून पलीकडे सरकवलं, आणि आक्कानं माझ्या पदरात शेरभर ज्वारीचा कोंडा ओतला. मग बाळ उचलून छातीशी धरून म्हणाली, "माझं हाय. बाई, जरा दूध पाजून द्या माझ्या लेकराला."

तेव्हापासून घरात नियम झाले. त्याचं नाव उकिरड्यावरचं ठेवलं. ते मी इथे लिहीत नाही, त्याला आता नातवंडं आहेत. नाकात चांदीची वाळी. अंगडी-टोपडी आक्काच्या पोरांची जुनी. त्यानं आक्काला आई म्हणायचं आणि मला वहिनी, कारण माझा धाकटा दीर तेव्हा आमच्याकडे राहायचा आणि तो मला वहिनी म्हणायचा. आणि मी त्याला कधीही, कोणासमोरही, माझा म्हणायचं नाही. मुंज होईपर्यंत हे पाळायचं. मग कोंडा परत देऊन मूल परत घ्यायचं. यांना मी विचारलं, तुमचा विश्वास आहे का? हे म्हणाले, "तुझं समाधान होतंय ना, मग झालं." पण यांच्याही तोंडून सहा वर्षांत एकदाही 'माझा मुलगा' असं आलं नाही, हे मी लक्षात ठेवलं होतं.

तो कोंडा मी टाकला नाही. डब्यात कडुलिंबाचा पाला घालून ठेवला, आणि दर उन्हाळ्यात उन्हात पसरून परत भरून ठेवत असे. लोक पापड वाळवतात, मी कोंडा वाळवायची.

मुलगा जगला. पाच वर्षांचा झाला आणि यांची बदली नगरला झाली. निघताना तो आक्काच्या कमरेला अशी मिठी मारून बसला की तिलाच त्याचे हात सोडवावे लागले. मी शेजारी पिशव्या घेऊन उभी. मला राग आला नाही असं म्हणाले तर खोटं होईल. दूध माझं, जागरणं माझी, आणि मिठी तिला. पण तो राग मी लगेच गिळून टाकला, कारण त्या मिठीमुळेच तो जिवंत आहे असं मला वाटत होतं.

नगरला आम्ही तोफखाना भागात दोन खोल्या घेतल्या. लढाईची वर्षं होती. रॉकेल मिळत नव्हतं, साखर मिळत नव्हती, भिंगारच्या बाजूनं दिवसभर लष्कराच्या मोटारी जात. शाळा मात्र शहरात होत्या, आणि त्यात एक अशी होती की तिचं नाव निघालं की बायका आवाज खाली आणत. मोकळ्या बंगल्यात भरणारी, छडी नसलेली, मुलांना मातीत न बसवता बाकांवर बसवणारी. तिथे लागलेलं मूल मॅट्रिकपर्यंत तिथेच शिकत असे, आणि बापाची बदली झाली तर शाळेच्या वसतिगृहात राहत असे. माझ्या डोक्यात हीच गोष्ट बसली. बदली झाली तर आम्ही जाऊ, हा राहील. त्याला पुन्हा कुठल्या तालुक्याच्या गावी, पुन्हा कुठल्या वेशीजवळ न्यायला नको. यांना म्युनिसिपालिटीची शाळा पुरेशी वाटत होती. हट्ट माझा होता. पुढचं सगळं सांगताना हे मी विसरू देणार नाही.

दरवर्षी तीसच मुलं घेत, आणि अर्ज त्याच्या कितीतरी पट येत. मे महिन्यात मुलाला आई-बापांसकट बोलावत. मोठ्या बाई स्वतः बघत. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका; बाहेरगावी जाऊन शिकून आलेल्या, मनगटाला घड्याळ, आणि जुन्या समजुतींचा मनापासून तिटकारा. मूल हुशार असून चालत नाही, घर सुधारलेलं लागतं, असं त्या म्हणतात, हे आम्हाला कचेरीतून कळलं होतं.

मग आम्ही घर सुधारायला घेतलं. त्याची वाळी काढली. मी ती काढायला तयार नव्हते, पण यांनी समजावलं, वाळीनं काही होत नाही, विकलेला आहे ते पुरे आहे. अर्जावर पत्रिकेतलं चांगलं नाव घातलं आणि ते त्याला आठ दिवसांत पाठ करवलं. शंभरपर्यंत आकडे, दिवसांची नावं, रंगांची नावं. चमच्यानं खाणं. पायपुसण्यावर पाय पुसणं. घरात पायपुसणं नव्हतं, ते मी जुन्या पोत्याचं केलं. नखं रोज कापायची म्हटलं तर वाढायला वेळ तरी कुठे, पण मी रोज तपासत असे. हे संध्याकाळी कचेरीतून आले की मोठ्या बाई होऊन खुर्चीवर बसत आणि तो नमस्कार करून उभा राही. तुझं नाव काय? वडील काय करतात? कुठे राहतोस? सगळं विचारून झालं. आईबद्दल कोणी विचारेल हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही. सहा वर्षांत आमच्या घरात तो शब्द म्हणजे जामखेड होता; आम्हाला त्यात वेगळं काही वाटेनासं झालं होतं.

त्या दिवशी व्हरांड्यात आमच्या आधी एक सोनारीण बाई बसली होती. तिच्या मुलाच्या दंडाला काळ्या दोऱ्यात ताईत होता. पाच मिनिटांत ती बाहेर आली. तोंड उतरलेलं. दोरा तिनं मुठीत धरला होता, तिथेच तोडलेला दिसला. आमच्याकडे बघून म्हणाली, "पुढच्या वर्षी या म्हणाल्या." मी मुलाच्या नाकाकडे बघितलं. भोक अजून बुजलं नव्हतं.

आत मोठ्या बाई टेबलामागे बसल्या होत्या. मुलानं नमस्कार केला, नाव सांगितलं, आकडे म्हटले. त्यांनी एक लाकडी ठोकळा पुढे केला, यानं रंग सांगितला आणि वर आपल्या मनानं म्हणाला, "ह्याच्यावर दुसरा ठेवला तर पडेल." त्या हसल्या. जागा मिळाली, असं मला वाटलं. खरंच वाटलं. मी मनात गणपतीला पाच दूर्वा जास्त कबूलसुद्धा केल्या.

मग त्यांनी विचारलं, "शाबास. आणि आई तुला रोज गोष्ट सांगते का?"

"आई जामखेडला असते," तो म्हणाला.

"मग या कोण?"

"ही वहिनी."

मोठ्या बाईंनी अर्जाकडे पाहिलं. अर्जात आईच्या रकान्यात माझं नाव होतं. त्यांनी चष्मा सारखा केला आणि माझ्याकडे पाहून शांतपणे विचारलं, "तुम्ही याच्या कोण?"

उत्तर सोपं होतं. दोन शब्दांचं. ते माझ्या जिभेवर आलंही. आणि त्याच वेळी माझ्या डोळ्यांसमोर ती चालायला लागलेली मुलगी आली, घशात सूज घेऊन माझ्या मांडीवर पडलेली. मुंजीला अजून दोन वर्षं होती. मी उघड बोलले आणि सटवाईनं ऐकलं तर? हे वाचून कोणी हसेल. हसा. ज्यानं तीन पुरली नाहीत त्यानं खुशाल हसावं. कोंड्याची गोष्ट सांगावी तर हातात तुटका दोरा घेऊन गेलेली ती बाई अजून फाटकापर्यंत पोचली नसेल. तेवढ्यात यांचा आवाज ऐकू आला.

"याची आई वारली. जामखेडलाच. ही माझी दुसरी. अर्ज लिहिताना मी हिचं नाव घातलं, माझी चूक झाली."

यांनी आयुष्यात लाच घेतली नाही, कधी तारीख मागेपुढे केली नाही. हे एवढं सरळ खोटं कुठून आलं ते त्यांनाही कळलं नसेल. मोठ्या बाईंचा चेहरा बदलला. त्यांनी माझं नाव एका रेघेनं खोडलं आणि वर 'मयत' लिहिलं. मग उठून आल्या, मुलाच्या केसांवरून हात फिरवला आणि मला म्हणाल्या, "सावत्र असून तुम्ही याची नखं किती स्वच्छ ठेवलीत. असं फार थोड्या जणी करतात. जूनच्या पहिल्या सोमवारी घेऊन या."

मी खाली बघून मान हलवली. काय करणार होते?

आम्ही टांग्यात बसलो. हे खुशीत होते, मला कोपरानं ढोसून म्हणाले, "मिळाली ना तुझी शाळा?" आणि मुलानं विचारलं, "आई कधी वारली?"

वारणं म्हणजे काय ते त्याला ठाऊक होतं; महिन्यापूर्वीच शेजारचे आजोबा गेले होते आणि त्यानं खिडकीतून सगळं पाहिलं होतं. त्या खोलीत आम्ही मला मारलं होतं. त्यानं ऐकलं ते आक्का मेल्याचं.

मग तो रडायला लागला. साधं रडणं नव्हे. टांगेवाल्यानं घोडा थांबवला. हे सांगू लागले, अरे नाही, ती जिवंत आहे, मजेत आहे, मी उगीच म्हणालो. पोरानं हुंदके देत विचारलं, "मग बाईंना खोटं का सांगितलं?" आणि मोठ्या बाईंनी तर ते लिहून घेतलं होतं. लिहिलेलं खरं असतं, हे गेले आठ दिवस यांनीच त्याला शिकवलं होतं.

तीन दिवस तो नीट जेवला नाही. भिंतीकडे तोंड करून बसायचा. मी जवळ घेतलं तर अंग चोरायचा. एकदा म्हणाला, "वहिनी, तू मला रडू दे ना." मी स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडात कोंबला. माझं पोर आईसाठी रडत होतं, मी चार हातांच्या अंतरावर उभी होते, आणि मी त्याला सांगू शकत नव्हते की तुझी आई ही बघ. चौथ्या दिवशी त्याच्या अंगाला हात लावला तर कढत. मग मात्र मी सुधारलेपणही सोडलं आणि धीरही. यांना म्हणाले, "मी याला जामखेडला नेऊन दाखवून आणते. डोळ्यांनी बघेल तेव्हा याचं मन फिरेल." यांना रजा मिळणार नव्हती. ताप उतरल्यावर मी एकटीच निघाले. निघताना डबा उघडला आणि कोंडा फडक्यात बांधून घेतला. तो कशाला घेतेय हे मी स्वतःलाही विचारलं नाही.

तेव्हा पेट्रोल नव्हतं, मोटारी कोळशावर चालत. मागे मोठी भट्टी, आणि चढ आला की उतारूंनी उतरून चालायचं. जामखेड आपल्या हद्दीतलं, पण वाटेत निजामाचा मुलूख, मोगलाई लागायची. तिथे करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. धान्याची ने-आण बंद असल्यामुळे प्रत्येक गाठोडं सोडून बघत. शिपायानं माझं फडकं सोडलं, त्यात बोट घातलं, वास घेतला आणि म्हणाला, "बाई, इसको तो भैंस भी नहीं खायेगी." मोटारीतली माणसं हसली. मग त्यानं मुलाकडे बोट करून विचारलं, "बच्चा किसका?"

"माझ्याबरोबर आहे," मी म्हणाले. त्यानं खांदे उडवले.

आक्का अंगणात वाकळ शिवत बसली होती. मुलगा वाटेतच माझा हात सोडून पळाला. तिच्या अंगावर जाऊन पडला, तिचं तोंड दोन्ही हातांनी धरून बघायला लागला, कान बघितले, हात बघितले. ती घाबरली. "आरं, काय झालं? बाई, काय झालं ह्याला?"

मी सगळं सांगितलं. ती आधी मोठ्यानं हसली. "म्हंजी मला जित्तीच मारली व्हय सायबांनी?" आणि मग हसता हसता थांबली. सुई वाकळेत खोचून ठेवली. मुलाला म्हणाली, "जा, गोठ्यात नवं करडू हाय, बग जा." तो गेल्यावर माझ्याकडे वळली.

"बाई, देवाला फसवायला मी, आन आता साळंला फसवायलाबी मीच?"

मी हातातल्या गाठोड्याची गाठ चाचपत राहिले.

"मला मारल्याचा राग न्हाई. पोराला रडवलं त्याचा हाय. तीन दिस लेकरू मेल्या आईसाटी रडलं आन त्याची आई म्होरं बसल्याली. कुटल्या सटवाईनं असं केलं असतं?" तिनं माझ्या हातातल्या गाठोड्याकडे बघितलं. "काय हाय त्यात?"

"कोंडा."

"कोनचा?"

"तुम्ही दिलेला."

मग तिनं हात पुढे केला. "द्या."

मी गाठोडं छातीशी धरलं. मला रडू फुटलं. म्हणाले, "आक्का, अजून दोन वर्षं आहेत. त्याला काही झालं तर? तुमच्याकडे आहे तोवर जिवंत आहे. राहू द्या. मला वहिनीच राहू द्या." मी खरंच असं म्हणाले. ती माझ्यापेक्षा शहाणी होती. म्हणाली, "घेतलं मी, तर परत कवा द्यायचं त्ये मी ठरवीन. माझी सात जगली ती काय मी राखली? जगली म्हनून जगली. द्या हिकडं."

तिनं आतून सूप आणलं आणि गोठ्यातून मुलाला हाक मारली. मुलगा सहा वर्षांचा, सुपात मावतोय कसला! तो सुपात उभा राहिला, आणि हा काय खेळ आहे म्हणून हसायला लागला. आक्कानं माझ्याकडून कोंडा ओंजळीत घेतला. सहा वर्षांत त्याचं पीठ झालं होतं. मग त्याच्या खांद्याला धरून त्याला सुपातून उंबऱ्याच्या अलीकडे, माझ्या बाजूला ढकललं. "तुमचं तुमाला दिलं," ती म्हणाली, आणि त्याला म्हणाली, "आजपासनं ही तुजी आई."

"आणि तू?"

तिनं जरा विचार केला. "मी आक्का. तुजी वहिनी म्हनती तशी."

तो आमच्या दोघींकडे आळीपाळीनं बघत राहिला. निघताना आक्कानं फडक्यात शेंगा बांधून दिल्या. मोटार सुटेपर्यंत ती उभी राहिली नाही, घरातलं काम आहे म्हणून लगेच पाठमोरी झाली.

परतताना नाक्यावर तोच शिपाई होता. शेंगा बघून त्यानं दोन उचलल्या आणि मला म्हणाला, "वो भुस्सा कहाँ गया?" मी त्याचा प्रश्न ऐकलाच नाही. त्यानं न विचारताच मी त्याला सांगितलं, "हा माझा मुलगा आहे." तो गोंधळून पुढच्या बाईकडे गेला.

त्यानंतरचे पंधरा दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. तो शिंकला तरी माझा जीव टांगणीला. झोपला की नाकापुढे बोट धरून बघायची. पण काही झालं नाही. तो जेवायला लागला, खेळायला लागला. मी त्याला रोज शिकवायची, म्हण, आई. तो मान खाली घालून लाजायचा. "उद्या म्हणतो," म्हणायचा. मी म्हटलं, असू दे. सहा वर्षं थांबले, आणखी थोडी थांबेन.

जूनच्या पहिल्या सोमवारी मी त्याला शाळेत घेऊन गेले. नवा सदरा, नवी टोपी. मोठ्या बाई दारात उभ्या राहून एकेक मूल हाताला धरून आत घेत होत्या. आमची पाळी आली. त्यांनी त्याचा हात धरला. घंटा झाली, त्याच्यामागे दरवाजा लागायला लागला, आणि आत इतकी अनोळखी मुलं बघून तो एकदम घाबरला. वळला आणि ओरडला, "आई!"

सहा वर्षांत पहिल्यांदा तो माझ्याकडे बघून तो शब्द बोलला. माझ्याकडेच बघून. हात माझ्याकडे पसरलेले. मी पुढे झाले.

मोठ्या बाईंनी मला अडवलं. रागानं नव्हे, अगदी मायेनं. माझ्या दंडावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाल्या, "तो त्याच्या आईला हाक मारतोय. तुम्ही थांबलात तर त्याला जास्त आठवण येईल. तुम्ही जा. मी सांभाळते."

माझ्यापुढे दोन शब्द होते, पुन्हा तेच. आता सटवाईची भीतीही नव्हती, कोंडा परत केलेला होता. पण आत टेबलावर रजिस्टर होतं, त्यात अर्जावरून 'मयत' उतरवलेलं होतं. मी बोलले असते तर हे खोटारडे ठरले असते आणि तीसमधली ती एक जागा गेली असती. तो ओरडत होता, "आई! आई, थांब!" आणि त्या त्याला कडेवर घेऊन सांगत होत्या, "बाळ, आई देवाघरी गेली ना."

मी गेले. मागे वळून बघितलं नाही.

दुपारी आणायला गेले तेव्हा तो पायरीवर शहाण्यासारखा बसला होता. डोळे कोरडे. मी जवळ बसले, त्याच्या टोपीवरची धूळ झटकली. म्हटलं, "रडलास का रे फार?" त्यानं नाही म्हणून मान हलवली. मग पाटी माझ्या हातात देत म्हणाला, "वहिनी, पाणी."

त्या शाळेत तो मॅट्रिक झाला. पुढे आमची बदली झाली तेव्हा ठरल्याप्रमाणे वसतिगृहात राहिला. चांगलं झालं त्याचं, मी तक्रार करत नाही. आज त्याचे केस पांढरे झालेत. दर आठवड्याला मला भेटायला येतो, चप्पल काढता काढता दारातून हाक मारतो. वहिनी म्हणतो. मी आतून ओ देते.